विश्लेषण : इंटरनेटच्या नावांची वही सांभाळणारे जॉन पोस्टेल कोण होते?

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टाकले की पान उघडते. मधल्या क्षणभरात त्या नावामागचा क्रमांक शोधला जातो आणि मगच संगणक योग्य दारावर पोहोचतो. हा शोध जगभर एकाच पद्धतीने चालावा यासाठी जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने जवळपास तीन दशके नोंदी ठेवल्या. नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांनी घालून दिलेली व्यवस्था काय आहे, ती आपल्या संगणकात कुठे दिसते आणि तिच्यावरून वाद का पेटला, याचा हा आढावा.

नंदुरबारच्या पत्त्याशी याचा काय संबंध?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांतील लोकांच्या पत्त्याची शेवटची ओळ त्या दिवशी बदलली. घर तेच, गाव तेच; फक्त जि. धुळेच्या जागी जि. नंदुरबार आले.

मराठीत पत्ता लिहिताना आपण मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. याला कारण आहे. नुसते नवापूर म्हटले तर पालघर जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यावरचे नवापूरही डोळ्यांसमोर येऊ शकते. जि. नंदुरबार जोडले की गोंधळ संपतो. एकच नाव दोन जिल्ह्यांत चालते, एकाच जिल्ह्याच्या एकाच यादीत मात्र अडचण होते.

इंटरनेटवरील नावे याच तत्त्वावर बांधलेली आहेत. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव नंदुरबार डॉट गव्ह डॉट इन असे आहे. यातील इन म्हणजे भारत, गव्ह म्हणजे सरकारी आणि नंदुरबार म्हणजे जिल्हा. माणूस ते डावीकडून वाचतो. संगणक मात्र उजवीकडून, म्हणजे जिल्हा आधी आणि गाव नंतर, अशा क्रमाने शोध घेतो. या उतरंडीच्या अगदी वरच्या टोकाला कोणती नावे असावीत आणि ती कोणाकडे सोपवावीत, याची नोंद पोस्टेल ठेवत असत.

पोस्टेल यांची जडणघडण कशी झाली?

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलिस परिसरातील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. पुढे इंटरनेटच्या उभारणीत या तिघांची नावे कायमची एकत्र आली.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थी असतानाच ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या निधीतून उभ्या राहिलेल्या अर्पानेट या जाळ्याचे पहिले केंद्र सप्टेंबर १९६९ मध्ये याच ठिकाणी बसले. तेथूनच २९ ऑक्टोबर १९६९ रोजी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश गेला.

पोस्टेल दिसायला ऋषीसारखे होते. लांब दाढी, वाढलेले केस आणि पायात सँडल. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर सामान घेऊन दिवसेंदिवस चालणे हा त्यांचा आवडता छंद. कार्यालयात मात्र त्यांची ओळख वेगळी होती. कोणता क्रमांक कशासाठी दिला आहे हे ज्यांना विचारावे, असे गृहस्थ म्हणजे पोस्टेल.

नोंदी ठेवण्याचे काम त्यांच्याकडे कसे आले?

अर्पानेटवरील तरुण संशोधकांनी एप्रिल १९६९ पासून आपले तांत्रिक प्रस्ताव क्रमांक देऊन एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. पहिला प्रस्ताव स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला. अभिप्रायासाठी विनंती असे नम्र नाव असलेली ही टिपणे आरएफसी या आद्याक्षरांनी ओळखली जातात. आज इंटरनेटचे जवळपास सर्व मूलभूत नियम याच मालिकेत आहेत. पोस्टेल या मालिकेचे संपादक झाले आणि अखेरपर्यंत राहिले. दोनशेहून अधिक टिपणांवर लेखक किंवा सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे.

दुसरे काम क्रमांकांचे. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात. टपाल कोणत्या दारातून आत यावे आणि फाइल कोणत्या, हे ठरलेले नसेल तर दोन संगणकांचा संवादच होणार नाही. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी सुचवले की, असे क्रमांक वाटण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. ती व्यक्ती म्हणून त्यांनी स्वतःकडेच निर्देश केला, पण कंसात आणि प्रश्नचिन्हासह. कोणी हरकत घेतली नाही आणि काम त्यांच्याकडे आले. आजही इंटरनेटवरील टपाल २५ क्रमांकाच्या दारातून जाते आणि नावांचा शोध ५३ क्रमांकाच्या दारातून होतो.

हे काम दिसायला किरकोळ असले, तरी त्याशिवाय जाळे चालत नाही. एक क्रमांक दोघांना दिला गेला की दोघांचाही कारभार ठप्प होतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. त्या बारा अंकांना अर्थ आहे तो तेच अंक दुसऱ्या कोणाला मिळणार नाहीत या हमीमुळे. संगणकांच्या जगात अशी हमी अनेक वर्षे पोस्टेल यांच्या वहीने दिली.

सर्वांसाठी एकच यादी का पुरेना?

संगणकांना अंक समजतात, माणसांना नावे लक्षात राहतात. म्हणून सुरुवातीपासून नाव आणि क्रमांक यांची एक यादी होती. होस्ट्स डॉट टीएक्सटी या नावाची ही फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्र सांभाळत असे. त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक जोडायचा असेल तर केंद्राला कळवायचे, केंद्र यादीत नाव घालणार आणि बाकी सर्वांनी ती यादी पुन्हा उतरवून घ्यायची, अशी पद्धत होती.

जोडलेले संगणक मोजके होते तोवर हे निभावले. संख्या वाढली तशा तीन अडचणी आल्या. यादी लांबत गेली आणि ती सतत उतरवून घेण्याचा भार जाळ्यावर पडू लागला. एकाने घेतलेले नाव दुसऱ्याला घेता येईना. आणि यादी हाती येईपर्यंत ती शिळी झालेली असे. जिल्ह्यातल्या प्रत्येक घराचा बदल एकाच कार्यालयात नोंदवायचा आणि त्याची प्रत दररोज प्रत्येक गावाला पाठवायची, असा तो प्रकार होता.

या यादीचा वंशज आजही प्रत्येक युनिक्स वळणाच्या संगणकात आहे. ईटीसी या फोल्डरमधील होस्ट्स ही फाइल उघडली की डावीकडे क्रमांक आणि उजवीकडे नाव अशा ओळी दिसतात. बहुधा पहिलीच ओळ १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट अशी असते. हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता.

डीएनएसची कल्पना कशी आकाराला आली?

१९७७ पासून पोस्टेल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्राकाठच्या मरिना डेल रे येथे काम करत होते. इंटरनेटचे पायाभूत नियम मानले जाणारे आयपी आणि टीसीपी यांची सप्टेंबर १९८१ मधील टिपणे त्यांनी संपादित केली. पुढच्या वर्षी टपालाचा एसएमटीपी हा नियम त्यांनी लिहिला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या नव्या नियमांवर आले.

पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि समोरून येणाऱ्या बारीकसारीक त्रुटी मात्र उदारपणे समजून घ्याव्यात, हे तत्त्व त्यांनी या टिपणांत मांडले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकली, त्यात या तत्त्वाचा मोठा वाटा आहे. सुरक्षेचे प्रश्न वाढल्यावर अशा उदारपणाला मर्यादा असाव्यात, अशी टीकाही पुढे झाली.

नावांच्या प्रश्नावर ऑगस्ट १९८२ मध्ये झॉ-सिंग सू आणि पोस्टेल यांनी उतरंडीच्या नावांची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी वेगवेगळे प्रस्ताव पुढे आले होते. त्यातून मार्ग काढण्याचे काम पोस्टेल यांनी आपल्याच संस्थेतील पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवले. मोकापेट्रिस यांनी केवळ तडजोड न सुचवता नवी रचना आखली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तिची दोन टिपणे प्रसिद्ध केली. हीच डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस. म्हणून डीएनएसचे जनक मोकापेट्रिस. पोस्टेल हे तिचे पालक आणि राखणदार.

या रचनेचे सार एका वाक्यात सांगता येते. कोणाकडेही संपूर्ण यादी नाही, पण पुढे कोणाला विचारायचे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. नंदुरबार डॉट गव्ह डॉट इनचा शोध घेताना सर्वांत वरच्या रूट सर्व्हरला विचारले जाते. तो फक्त इनची नोंद कोणाकडे आहे एवढेच सांगतो. इनचा सर्व्हर गव्ह डॉट इनकडे बोट दाखवतो आणि तेथून अखेर नंदुरबारचा क्रमांक मिळतो. मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जवळ ठेवले जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी वरपर्यंत जावे लागत नाही. नोंद बदलली तरी काही ठिकाणी जुनेच पान दिसत राहते, त्याचे कारण बहुधा ही मुदत असते.

एकाच ठिकाणाला दोन नावे देण्याचीही सोय आहे. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव असल्याने लोक दोन्ही नावे वापरतात आणि टपालही बरोबर पोहोचते. डीएनएसमध्ये अशा उर्फ नावांसाठी स्वतंत्र प्रकारची नोंद असते.

आपल्या संगणकात ही व्यवस्था कुठे दिसते?

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये युनिक्ससाठी डीएनएसची आज्ञावली लिहिली. बाइंड या नावाने ती जगभर पसरली. युनिक्स आणि लिनक्समधील नाव-शोधाच्या आजच्या मांडणीत तीन फाइली महत्त्वाच्या आहेत आणि तिन्ही ईटीसी फोल्डरमध्ये असतात.

पहिली, वर सांगितलेली होस्ट्स. दुसरी एनएसस्विच डॉट कॉन्फ. आधी घरची यादी पाहायची की बाहेर विचारायचे, हा क्रम येथे ठरतो. बहुतेक संगणकांवर आधी फाइल आणि मग डीएनएस असा क्रम असतो. त्यामुळे होस्ट्समध्ये कोणी चाचणीपुरती लिहिलेली ओळ तशीच राहिली, तर बाहेरचा क्रमांक बदलला तरी तो संगणक जुन्याच दारावर जात राहतो. शेजारच्या संगणकावर पान उघडते आणि याच्यावर उघडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी ही फाइल पाहावी.

तिसरी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. बाहेर कोणाला विचारायचे त्या सर्व्हरचे क्रमांक येथे नेमसर्व्हर या शब्दापुढे, एका ओळीत एक, असे लिहिलेले असतात. सर्वसाधारणपणे पहिले तीनच वापरले जातात. पहिल्याकडून उत्तर आले नाही तर संगणक सुमारे पाच सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. प्रत्येक पान उघडताना काही सेकंदांची ठरलेली खोळंबा होत असेल, तर पहिला क्रमांक चुकीचा किंवा बंद असण्याची शक्यता मोठी. त्याच फाइलमध्ये सर्च या शब्दापुढे लिहिलेला भाग अर्धवट नावाला आपोआप जोडला जातो. कार्यालयातील यंत्रांना पूर्ण नाव न टाइप करता हाक मारता येते ती यामुळे.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. नव्या लिनक्समध्ये रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बहुधा दुसरी सेवा आपोआप तयार करते. त्यात १२७.०.०.५३ असा क्रमांक दिसला, तर संगणक आधी आपल्याच पोटातील मध्यस्थाला विचारत आहे असे समजावे. अशा ठिकाणी हाताने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू होताच पुसला जातो. तो नेटवर्कच्या सेटिंगमध्येच करावा लागतो.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. पिंग या आज्ञेने आधी चालू असलेल्या एखाद्या सर्व्हरच्या क्रमांकाला हाक मारावी, मग नावाला. क्रमांकाला उत्तर येते आणि नाव मात्र सापडत नाही, म्हणजे तार किंवा टॉवर ठीक आहे. बिघाड नाव-शोधात आहे. डिग ही आज्ञा उत्तर कोणत्या सर्व्हरकडून आले आणि ते किती सेकंद जपून ठेवायचे आहे, हेही दाखवते. शिष्यवृत्तीचा किंवा दाखल्याचा अर्ज शेवटच्या तारखेला अडतो, तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे दोन मिनिटांत कळणे मोलाचे ठरते.

देश कोणता, हे कोणी ठरवले?

ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि त्यांच्या दीर्घकाळच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी वरच्या स्तरावरील नावांचा आराखडा प्रसिद्ध केला. कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग ही नावे त्यात होती आणि देशांसाठी दोन अक्षरी नावांची सोय होती.

देशांचा प्रश्न नाजूक होता. कोणत्या भूभागाला देश म्हणायचे यावर युद्धे होतात. पोस्टेल यांनी यात स्वतः निवाडा करण्याचे टाळले. आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेची देशांच्या दोन अक्षरी संकेतांची यादी आधीच उपलब्ध होती. त्या यादीत जे आहे ते मान्य, असा निर्णय त्यांनी घेतला. भारताला इन हे नाव मिळाले ते याच यादीमुळे. त्याची नोंद मे १९८९ मध्ये झाली आणि सुरुवातीची अनेक वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने पाहिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट.

एखाद्या देशाचे नाव चालवायला द्यायचे तर कोणाला, याबाबतची भूमिका पोस्टेल यांनी मार्च १९९४ मधील टिपणात स्पष्ट केली. नाव सांभाळणारा हा विश्वस्त आहे. हक्क आणि मालकीची भाषा येथे गैरलागू असून त्या समाजाची सेवा आणि जबाबदारी यांचाच विचार व्हावा, असा त्याचा आशय होता. तलाठ्याच्या दप्तरात गावच्या जमिनीची नोंद असते म्हणून तलाठी जमिनीचा मालक होत नाही. पण त्याची नोंद चुकली तर मालकाची झोप उडते. पोस्टेल यांचे स्थान नेमके असे होते.

मग वाद कशावरून पेटला?

पोस्टेल यांच्या कामाला पुढे इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी, म्हणजे आयाना, असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात ती पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी एवढीच होती. अमेरिकी सरकारच्या संशोधन कंत्राटातून खर्च भागत असे.

इंटरनेट विद्यापीठांपुरते होते तोवर कोणी याकडे फारसे पाहिले नाही. वेब आले आणि कॉमने संपणाऱ्या नावांना बाजारभाव आला. सरकारी करारानुसार ही नावे नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारायला सुरुवात केली. नोंदणीचा हक्क एकाच कंपनीकडे असल्याने नाराजी वाढली.

स्पर्धा यावी म्हणून नवी वरची नावे निर्माण करण्याचा आग्रह पोस्टेल यांनी धरला. १९९६-९७ मध्ये इंटरनेट सोसायटी आणि काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने सात नव्या नावांचा प्रस्ताव ठेवला. अमेरिकी सरकारला तो मान्य नव्हता. ज्या जाळ्याचा पाया अमेरिकी करदात्यांच्या पैशाने घातला गेला, त्याच्या मुळावर निर्णय कोणाचा, हा प्रश्न आता उघडपणे उभा राहिला. ट्रेडमार्क असलेल्या कंपन्या, युरोपातील सरकारे आणि तंत्रज्ञ अशा सर्वांची उत्तरे वेगळी होती.

२८ जानेवारी १९९८ रोजी काय घडले?

तेव्हा जगात तेरा रूट सर्व्हर होते. ते सारे आपली मूळ प्रत नेटवर्क सोल्युशन्सच्या संगणकावरून घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी त्यांपैकी आठ सर्व्हरांच्या चालकांना ईमेल केला आणि यापुढे मूळ प्रत आयानाच्या संगणकावरून घ्यावी असे सांगितले. आठही जणांनी ते केले. पोस्टेल यांच्याकडे त्यांना हुकूम देण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नव्हता. त्यांनी सांगितले, एवढे कारण त्या चालकांना पुरेसे वाटले.

दोन्ही ठिकाणची प्रत तंतोतंत सारखी असल्याने जगात कोणाचेही पान अडले नाही. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. उरलेले सर्व्हर एका प्रतीवर आणि हे आठ दुसऱ्या प्रतीवर, अशी स्थिती झाली होती. उद्या दोन प्रतींत फरक पडला असता तर एकच नाव दोन ठिकाणी दोन वेगळी दारे दाखवू शकले असते. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी पोस्टेल यांना बदल मागे घेण्यास सांगितले. आठवडाभरात सर्व पूर्ववत झाले.

आपण केवळ चाचणी घेत होतो, असे पोस्टेल यांनी अखेरपर्यंत सांगितले. मूळ प्रतीचे ठिकाण सुरळीत बदलता येते का, हे तपासणे तांत्रिकदृष्ट्या गैर नव्हते. पण वेळ पाहता अनेकांनी त्यात इशारा वाचला. अमेरिकी सरकारचा प्रस्ताव दोनच दिवसांनी प्रसिद्ध होणार होता. हेतू काहीही असो, या घटनेने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध केल्या. पोस्टेल यांच्यावर तंत्रज्ञांचा किती विश्वास आहे ही पहिली. आणि इतकी मोठी व्यवस्था एका माणसाच्या विश्वासावर टांगलेली असणे किती धोक्याचे आहे, ही दुसरी.

शेवटचे महिने कसे गेले?

त्यानंतरचे महिने पोस्टेल यांनी आपले काम एका संस्थेकडे सोपवण्याच्या तयारीत घालवले. जूनमध्ये अमेरिकी सरकारने खासगी, ना-नफा संस्थेकडे कारभार देण्याचे धोरण जाहीर केले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात आयकॅन या संस्थेची नोंदणी झाली. तिचे नियम कसे असावेत, संचालक कोण असावेत, यावरून चारही बाजूंनी टीका होत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टेल अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेले.

त्यांच्या हृदयाची झडप १९९१ मध्ये बदललेली होती. तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यातील गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ५५. आयकॅनशी अमेरिकी सरकारचा करार झाला तो त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये.

शाळेपासूनचे सहप्रवासी विंट सर्फ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो वृत्तपत्रापुरता राहिला नाही. पोस्टेल यांनी जिचे संपादन केले त्याच आरएफसी मालिकेत त्याला २४६८ हा क्रमांक मिळाला. आयुष्यभर इतरांना क्रमांक देणाऱ्या माणसाच्या आठवणीचीही अशी रीतसर नोंद झाली. इंटरनेट सोसायटीने १९९९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला.

त्यांच्या वहीचे पुढे काय झाले?

आयानाचे काम आयकॅनकडे गेले. तरीही रूटमधील बदलांवर अमेरिकी सरकारची देखरेख आणखी अठरा वर्षे राहिली. तो करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला आणि जगभरातील सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ व वापरकर्ते यांच्या सहभागाची पद्धत लागू झाली. तिच्यात वेळ जातो, वाद होतात. पण एका ईमेलवर आठ सर्व्हर हलतील अशी स्थिती आता नाही.

भारतात इन नावाचा कारभार २००५ पासून निक्सी ही संस्था पाहते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील डॉट भारत हे नाव सुरू झाले. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांना त्याचा उपयोग होतो. केवळ इंग्रजी अक्षरे आणि अंकांच्या आधाराने सुरू झालेल्या वहीत आपल्या लिपीला जागा मिळाली, कारण उतरंडीच्या रचनेत नवी फांदी जोडण्यासाठी जुन्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. नवा जिल्हा झाला म्हणून राज्यातल्या बाकी पत्त्यांना हात लावावा लागला नाही, तसेच हे.

एक प्रश्न मात्र पोस्टेल यांच्यानंतरही संपलेला नाही. नावांचा शोध जेथून होतो त्या जागी बसलेला प्रत्येक जण, मग तो आयकॅन असो, इंटरनेट पुरवठादार असो किंवा शाळेच्या संगणक-कक्षात रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ भरणारा शिक्षक असो, इतरांचा रस्ता आपल्या हातात घेत असतो. तेथे चुकीचा क्रमांक लिहिला गेला तर वापरणाऱ्याला ते कळतही नाही. त्याला फक्त पान उघडत नाही किंवा भलतेच उघडते एवढे दिसते. म्हणूनच ही जागा मालकीची नसून जबाबदारीची आहे, हे १९९४ मध्ये लिहून ठेवलेले सूत्र आजही तितकेच लागू पडते.